चोवीस गुंजांची घट

एक

खंडेनवमीच्या सकाळी पवना गॅस वर्क्सच्या प्रयोगशाळेत चोवीस गुंजा प्लॅटिनम कमी भरलं आणि नारळ फोडायला वर गेलेला ज्योतीरामशेठचा हात वरच राहिला.

"पुन्हा तोला," शेठ म्हणाले.

भांडाराचे कारभारी रंगराव यांनी पुन्हा तोललं. काटा तोच, वजनं तीच, गुंजाही त्याच. मागच्या खंडेनवमीला बरोबर तीन तोळे भरलेला तो टीचभर पत्रा चोवीस गुंजांनी, म्हणजे पाव तोळ्यानं, हलका झाला होता. तिसऱ्यांदा तोललं, तरी काटा तिथेच थांबला.

वीस-पंचवीस माणसं पूजेला जमली होती. सोन्याहून महाग धातू, आणि तोही कुलपातला!

शेठ मूळचे सोनार. चिंचवड स्टेशनाच्या पलीकडे त्यांनी हा कारखाना घातला तो पाण्यात वीज सोडून हायड्रोजन वायू काढायला. वनस्पती तुपाचे कारखाने तो वायू विकत घेत. धंदा बदलला तरी वडिलांचा एक दंडक शेठनी सोडला नव्हता. किमती जिन्नस वर्षातून एकदाच तोलायचा, खंडेनवमीला, पूजेच्या आधी. उठसूट तोलणाऱ्याच्या घरी बरकत टिकत नाही, असं वडील सांगत. त्यामुळे मधल्या वर्षभरात पत्रा कधी हलका झाला, हे सांगायला ब्रह्मदेवच खाली यायला हवा होता.

पण ब्रह्मदेवाची वाट पाहणाऱ्यांपैकी हिंदुराव नव्हते. तीस वर्षं पोलिसात काढून जमादार म्हणून ते निवृत्त झाले आणि आता कारखान्याची राखण पाहत. चोर ओळखायला आपल्याला चेहरा पुरतो, असं ते सांगत. ऐकणारे मान डोलवत, कारण ऐकणाऱ्यांना नोकरी टिकवायची असे.

त्यांनी एकेक चेहरा पाहिला आणि ते भैरूपाशी थांबले. भैरू प्रयोगशाळेतला मदतनीस, तिशीचा, अबोल. त्याचा बाप पुण्यात झारेकरी होता. सोनारांच्या गल्लीतली धूळ आणि भट्टीची राख विकत घ्यायची, ती धुवायची आणि तळाशी बसलेले सोन्याचे कण वेचायचे, हा झारेकऱ्यांचा पिढीजात धंदा.

"धुळीतनं सोनं काढणारी जात तुझी," हिंदुराव म्हणाले. "पत्र्यातनं काढायला कितीसा वेळ?"

"म्या न्हाई, जमादार."

हिंदुरावांनी त्याच्या थोबाडीत दिली. इतक्या जोरात, की पाटावर मांडलेली झेंडूची फुलं खाली पडली. दचकून पडली, असं पुढे लोक सांगू लागले. भैरूनं गालाला हातसुद्धा लावला नाही. डोक्यावरून पडलेली टोपी उचलली, झटकली आणि तो उभा राहिला.

"चौकीत शुक्रवारी द्या," शेठ कुजबुजले. "मुंबईचे पाहुणे येऊन जाऊ देत. तोवर माल कुठं आहे तेवढं काढा."

दोन

त्याच दुपारी हिंदुरावांनी चिंचवड गावठाणातल्या भैरूच्या दोन खोल्या उलथ्यापालथ्या केल्या. बायको सारजा दाराशी पदर तोंडात धरून उभी होती. शेजारीपाजारी उंबऱ्यात जमले होते आणि समोरच्या घरातली शालनबाई तर पायरीवर ठाण मांडून बसली होती. निघालं काय, तर एक जुनी परात आणि देवाचा चांदीचा टाक. प्लॅटिनमचा कणही नाही.

हिंदुराव चरफडत परतले आणि त्यांनी रंगरावांना गाठलं. भांडाराच्या किल्ल्या त्यांच्याकडे. खरं तर संशयिताच्या रांगेत त्यांचा नंबर दुसरा.

"पत्रा माझ्या कुलपातून सोमवारी सकाळी निघतो आणि शनिवारी संध्याकाळी परत येतो," रंगराव म्हणाले. "मध्ये तो टाकीत, प्रयोगशाळेच्या उद्धवरावसाहेबांच्या डोळ्यांसमोर. रात्री खोलीला दोन कुलपं, एकाची किल्ली त्यांच्याकडे, एकाची तुमच्याकडे. शनिवारचे दोन तास सोडले, तर एकटा माणूस त्या पत्र्याजवळ जातच नाही."

"शनिवारी काय असतं?"

"आंघोळ. आपल्या विहिरीचं पाणी जड. आठवडाभरात टाकीतल्या पत्र्यांवर पांढरं कीट बसतं, घरात तांब्यावर बसतं तसं. ते काढायला शनिवारी टाकीत ॲसिड भरतात. तेव्हा असा उग्र वास सुटतो, की कुत्रंसुद्धा फाटकाबाहेर जातं. भैरू तेवढा तोंडाला फडकं बांधून आत."

"एकटा?"

"अगदी एकटा."

हिंदुरावांच्या मिशा आपोआप वर गेल्या. रंगराव मात्र रडकुंडीला आले होते.

"तुमचं काय जातंय, राव! मला आता खराट्याच्या काड्यासुद्धा मोजून द्याव्या लागणार. सोमवारी साहेबांनी पावशेर नवसागर नेला, त्याचीसुद्धा चौकशी करा म्हणजे झालं. प्रयोगशाळेत भांड्यांना कल्हई लावतात की काय, देव जाणे!"

हिंदुराव हसले आणि ते विसरून गेले. त्यांना फक्त शनिवार दिसत होता.

तीन

कारखान्याचे रसायनतज्ज्ञ उद्धवराव प्रयोगशाळेत एकटेच होते. शिकलेला, सज्जन, बोलताना चष्मा पुसत राहणारा माणूस. पुण्यातली चांगली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी ते या माळावर आले, ते एका पत्र्यापायी.

"समजेल असं सांगा साहेब," हिंदुराव म्हणाले. "मी चौथी पास आहे."

उद्धवरावांनी काचेची टाकी दाखवली. आत पाणी, त्यात समोरासमोर टांगलेले दोन पत्रे. एक चकचकीत, तोच प्लॅटिनमचा. दुसरा हातभर, काळाकुट्ट.

"यांना वीज जोडली की पाणी फुटतं. हायड्रोजन या काळ्या पत्र्यावर निघतो. आता साध्या लोखंडी पत्र्यावर तो सहजी निघत नाही, विजेचा जोर फार लावावा लागतो. प्लॅटिनमवर हसतखेळत निघतो, पण प्लॅटिनमचे पत्रे घालायला कुबेराचं घर हवं. हा काळा पत्रा निकेलचा आहे, हिंदुराव. साधं निकेल. आणि तो प्लॅटिनमच्या तोडीस तोड वायू देतो." त्यांचा आवाज इथे जरा चिरकला. "गेल्या वर्षभरात हा असा तयार झाला. वीज तिसऱ्या हिश्शानं वाचते. शुक्रवारी पाहुण्यांनी पसंत केला, तर असे शेकडो पत्रे करायचे."

"मग समोर प्लॅटिनम कशाला?"

"समोरच्या पत्र्यावर दुसरा वायू निघतो. तिथं कुठलाही धातू लावला, तरी शनिवारच्या ॲसिडमध्ये विरघळून जातो. प्लॅटिनमला कुठलंच साधं ॲसिड लागत नाही. पुस्तकात तसं आहे."

"शनिवारी वीज बंद असते?"

"नाही, चालू. बंद केली तर ॲसिड निकेललाच खाईल. भैरूला मीच तसं सांगितलं आहे." ते टाकीकडे पाहत म्हणाले, "चोरीच झाली असणार. दुसरं काय?"

हिंदुरावांनी प्लॅटिनमचा पत्रा मागून घेतला आणि खिडकीशी नेला. तीस वर्षांत त्यांनी कातरलेल्या मोहरा पाहिल्या होत्या, कानशीनं घासलेल्या पाटल्या पाहिल्या होत्या. चोर नेहमी एका कडेला हात घालतो. कड तुटते, ओरखडा राहतो. इथे ओरखडा नव्हता. पत्रा सगळीकडून सारखाच पातळ झाला होता आणि त्याचे चारही कोपरे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल झाले होते.

पत्रा परत देऊन ते वळले. भिंतीवर उद्धवरावांनी रोजच्या वायूची मापं टांगली होती. ती वाचता येण्याइतकी चौथी त्यांना पुरली. वर्षभर दर सोमवारी आकडा वर उडी मारत होता आणि शनिवारपर्यंत तिथेच राहत होता.

"सोमवारी काळा पत्रा जास्त का चालतो, साहेब?"

"आंघोळीनं खरखरीत होतो," उद्धवराव म्हणाले. "असं मला वाटत होतं."

वाटत होतं! वाटतं नव्हे. हिंदुराव बाहेर आले तेव्हा तो शब्द त्यांच्याबरोबर आला, पण त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

चार

दसऱ्याच्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. हिंदुराव सकाळीच गावठाणात गेले. भैरूच्या दाराला तोरण नव्हतं. भैरू आत भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि उठला नाही. बोलली ती त्याची म्हातारी आई, पुतळाबाई.

"आता काय ऱ्हायलंय बघायचं? चूल उकराया आलाय व्हय?"

"विचारायला आलोय, आजी. धातू कमी झाला, पण कुणी कापला नाही, घासला नाही. तुम्ही जन्मभर हेच केलंत. धातू असा जातो कुठं?"

म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ती पिढीजात धंद्याचा प्रश्न आल्यासारखी सावरून बसली. रागावर हुन्नर चढला की माणूस असाच बोलू लागतो.

"सोनं कुटं जात न्हाई, बाबा. आमचं पोट त्याच्यावरच चाललं. सोनाराला वाटतंय घट आली. ती घट भट्टीच्या राखंत असती, झाडूत असती, त्याच्या धोतराच्या घडीत असती. जागा सोडती, जग सोडत न्हाई. जिथं बसली तिथं हुडकायची."

"आणि पाण्यातून गेलं तर?"

"त्यात काय! मुलामावाला बघितला न्हाई का? एका तारंला सोन्याची चीप, दुसऱ्या तारंला पितळंचं डोरलं. दोन्ही रसात बुडवायची अन् वीज सोडायची. चीप झिजती, डोरलं सोन्याचं व्हतं. कुनी कापलं न्हाई, कुनी घासलं न्हाई. चीप कशी, समदीकडनं सारखी पातळ पडती. कोपरं तेवढं आधी जात्यात."

हिंदुराव उठून उभे राहिले आणि पुन्हा खाली बसले. शनिवार, टाकीत ॲसिड, वीज चालू, एका तारेला प्लॅटिनम आणि दुसऱ्या तारेला तो काळा पत्रा! वर्षभर, दर शनिवारी, दोन तास. चोर त्या खोलीत होताच, पण त्याला हात नव्हते. टाकीच चोरी करत होती, आणि माल त्याच खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेला होता.

आणि त्यांनी थोबाडीत कुणाच्या दिली होती?

"आजी," ते म्हणाले, "हे प्लॅटिनम, पांढरं सोनं म्हणतात ते, काळ्या पत्र्यावर बसलंय, हे ओळखायचं कसं?"

"काळं खरवडायचं. सोनं इरघळवायचं जालीम तेजाब असतं, त्यात टाकायचं. वर न्हवसागर घालायचा. पिवळी धमक भुकटी तळाशी बसली, का पांढरं सोनं म्हनायचं. आमचं मालक इंग्रजी दागिन्यांची राख धुवायचं, तवा करायचं तसं."

"काय घालायचा म्हणालात?"

"न्हवसागर. कल्हईवाला वापरतो त्यो."

हिंदुरावांच्या कानशिलावर घण बसल्यासारखं झालं. सोमवारी पावशेर नवसागर प्रयोगशाळेत गेला होता. पत्रा तोलला गेला तो बुधवारी.

पाच

उद्धवराव सुट्टीच्या दिवशीही प्रयोगशाळेत होते. हिंदुरावांनी नमस्कार केला नाही. सरळ जाऊन भिंतीतलं कपाट उघडलं. मागच्या ओळीत, बाटल्यांच्या आड, एक परीक्षानळी उभी होती. वर स्वच्छ पाणी, तळाशी हळदीसारखी पिवळी भुकटी.

"हे तुम्ही सोमवारी केलंत," हिंदुराव म्हणाले.

उद्धवरावांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"रविवारी, समोर लोखंडाचा पत्रा टांगून, एक कोरा निकेलचा पत्रा लावून पाहिला. फक्त कुतूहल म्हणून. आंघोळ न घातलेला. तो साध्या लोखंडाहून जरासाच बरा निघाला. रात्रभर झोप लागली नाही मला. सोमवारी काळ्या पत्र्याचा कोपरा खरवडला." ते खुर्चीत बसले. "पुस्तकातलं वाक्य खरं आहे, हिंदुराव. ॲसिड प्लॅटिनमला लागत नाही. पण ॲसिड आणि वीज मिळून लागतात. मला ते सुचायला हवं होतं. मुलामा देणाऱ्या कुठल्याही कारागिराला सुचलं असतं. मी निकेल शोधलं नाही. मी वर्षभर प्लॅटिनमचा मुलामा देत बसलो आणि त्यालाच निकेल म्हणत होतो."

"आणि बुधवारी?"

"शुक्रवारनंतर सगळं सांगणार होतो. मग शेठनी तो काटा काढला. त्यांच्या त्या दंडकाचं मला भानच नव्हतं."

"मी भैरूला मारलं तेव्हा तुम्ही तिथं होतात."

"हो."

"मला चूक कळली नव्हती, साहेब. मी गाढव. पण तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं!"

चोर-दरोडेखोरांपुढे कधी न डगमगलेले हिंदुराव त्या सज्जन माणसाकडे पाहून मनातून हादरले होते. कपटी माणसाचं कपट त्यांना पचत असे, कारण पोलिसाला तीच सवय. हे मात्र घशाखाली उतरेना.

त्यांनी परीक्षानळी रुमालात गुंडाळली आणि ते शेठच्या बंगल्याची वाट चालू लागले.

सहा

शेठनी सगळं ऐकून घेतलं. पिवळी भुकटी उजेडात धरून पाहिली. सोनाराचा जीव, बसल्या जागी हबकला. पण धक्का ओसरला आणि व्यापारी जागा झाला.

"म्हणजे माल गेलेला नाही," ते म्हणाले. "खरवडून परत काढता येईल. उत्तम! भैरूला उद्या कामावर बोलवा. लोकांना सांगा, वजनात गफलत झाली होती. संपलं."

"आणि उद्याचे पाहुणे?"

"पत्रा उद्याही वायू देईलच ना?"

"देईल. पण नंतर जे शेकडो पत्रे तुम्ही त्यांना निकेलचे म्हणून कराल, ते?"

"पुढचं पुढे, जमादार. तोवर उद्धवराव काहीतरी काढतील. तुम्ही राखण करायची, धंदा मी करतो."

"वजनात गफलत म्हटलं, तर लोक म्हणतील शेठनी दडपलं. भैरूच्या कपाळावरचा डाग तसाच राहील."

"त्याला शंभर रुपये बक्षीस द्या. डाग धुऊन निघेल."

हिंदुराव निरोप घेऊन भैरूकडे आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणाच्या उंबऱ्यावर उभं राहायची लाज वाटली. त्यांनी काहीही लपवलं नाही. टाकी, मुलामा, नवसागर, शेठचा निरोप, सगळं सांगितलं. उद्धवरावांना सोमवारीच कळलं होतं, हेही सांगितलं. ते ऐकताना भैरूनं भिंतीकडचं तोंड पहिल्यांदा वळवलं.

"सायबांना ठावं व्हतं?"

"होतं."

भैरू उठून दारापाशी आला. मग म्हणाला, "म्हंजी म्या चोर न्हाई, हे आता तुमाला ठावं, शेटला ठावं, सायबांना ठावं. पर सारजा काल पान्याला गेली तवा बायांनी घागरी उचलून बाजूला घेतल्या. शालनकाकू समोरच ऱ्हाते, तिनं आज पोराच्या हातनं आपट्याचं पान सुदिक धाडलं न्हाई. त्यांना कोन सांगनार? तुमचं शंभर रुपयं सांगत्याल व्हय?"

"उद्या कामावर ये," हिंदुराव म्हणाले.

"गप ऱ्हायला?"

"तू ये तर खरा."

सात

शुक्रवारी अकराला मोटारी आल्या. वनस्पती तुपाच्या कारखान्यांचे दोन मालक आणि एक सरकारी अधिकारी. सगळे कामगार प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात उभे होते. भैरू टाकीपाशी आला तेव्हा कामगारांत कुजबूज झाली आणि दोघं-तिघं त्याच्यापासून हातभर सरकले.

तारा जोडल्या. बटण दाबलं. काळ्या पत्र्यावरून बुडबुड्यांचा असा लोंढा उठला की टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. मापाच्या नळीत वायू भराभर चढला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठ पुढे होऊन म्हणाले, "निकेल! फक्त निकेल!"

"उद्धवरावसाहेब," हिंदुरावांचा जमादारी आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. "या पत्र्यावर काय आहे, ते तुम्ही सांगता की मी सांगू?"

टाळ्या थांबल्या. शेठचा चेहरा पांढराफटक पडला. उद्धवराव टाकीच्या पलीकडे उभे होते. शेठकडे पाहत, पाहुण्यांकडे पाहत, त्यांची नजर फिरत फिरत भैरूवर आली आणि तिथून तिला हलता येईना.

"प्लॅटिनम," ते म्हणाले. "चोवीस गुंजा."

मग एकदा धरण फुटल्यावर पाणी कोण अडवणार! त्यांनी सगळं सांगितलं. शनिवारची आंघोळ, वीज चालू ठेवायची स्वतःची आज्ञा, कोरा पत्रा, पिवळी भुकटी. काहीही झाकलं नाही. "चोरी झालीच नाही," ते शेवटी म्हणाले. "भैरूनं मी सांगितलं तेच केलं. आणि हे मला त्याच्या थोबाडीत बसायच्या दोन दिवस आधी ठाऊक होतं."

सरकारी अधिकारी खुर्चीतून अर्धवट उठला होता, तो तसाच थिजला. तुपाचे मालक एकमेकांकडे पाहत मोटारीच्या दिशेनं वळले. रंगराव भिंतीला टेकून खाली बसले. ज्या पत्र्याच्या जिवावर पंचवीस घरं दिवाळीची स्वप्नं पाहत होती, तो पत्रा अजूनही फसफसून बुडबुडे सोडत होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"तुमची नोकरी संपली, जमादार," शेठ एवढंच म्हणाले.

"राजीनामा सकाळीच टेबलावर ठेवलाय."

उद्धवराव टाकीला वळसा घालून आले. त्यांनी हात जोडले. "भैरू, मी—"

"सायब," भैरूनं त्यांना थांबवलं. आवाज चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "जमादारांनी मारलं त्याचं काय न्हाई. त्यांना माझं काय ठावं? तुमच्या हाताखाली तीन वर्सं काढली. त्या टायमाला म्या तुमच्याच तोंडाकडं बघत व्हतो. म्हनलं, समदं जग म्हनू द्या, सायब म्हनतील, ह्यो न्हाई. तुमी खाली पडल्याली फुलं गोळा करत व्हता."

उद्धवरावांचे जोडलेले हात तसेच राहिले. भैरूनं वीज बंद केली, तारा सोडवून नीट गुंडाळल्या आणि खुंटीला लावल्या. काम अर्धवट टाकायची त्याला सवय नव्हती. मग टोपी घालून तो फाटकाकडे निघाला.

हिंदुराव त्याच्या मागोमाग गेले. रस्त्यावर त्यांनी त्याला गाठलं.

"आता काय ऱ्हायलं, जमादार?"

"इथं पंचवीस जणांनी ऐकलं. गावठाणात घरं किती?"

"असतील साठ-सत्तर."

"झडती घेतली तेव्हा साठ-सत्तर घरांनी मला पाहिलंय. आता सांगतानाही मलाच पाहू देत. पटलं नाही तर दार लावून घेतील. मग उद्या परत जाईन. नोकरी गेलीय, वेळ रग्गड आहे."

भैरू हसला नाही. पण पुढे चालणं सोडून तो बरोबरीनं चालू लागला. ऊन कडक होतं. गावठाणात शिरल्यावर पाणवठ्यावरच्या बाया थबकल्या. सारजा दारातून बाहेर आली आणि नवऱ्याबरोबर जमादार पाहून तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, न्यायलाच आले.

हिंदुरावांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. मग ते रस्ता ओलांडून समोरच्या पायऱ्या चढले आणि त्यांनी शालनबाईच्या दाराची कडी वाजवली.